टेक्निकल डायव्हिंग शिकायचंय, पण कोणाकडे आणि कुठे? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा धंदा टॉवेलचा. डायव्हिंग हे वेड. सोलापुरातून टेक डायव्हिंग करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे ज्याला त्याला माझाच नंबर दिला जातो आणि तेच तेच प्रश्न येत राहतात. उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त "सर एक डाऊट होता" एवढं कापलंय.

१. टेक्निकल डायव्हिंग म्हणजे नेमकं काय? साध्या स्कूबापेक्षा वेगळं काय असतं?

साध्या स्कूबात काही बिनसलं तर हळूहळू सरळ वर यायची मुभा असते. टेकमध्ये ती नसते. ४० मीटरच्या खाली किंवा तळाशी जास्त वेळ राहिलात की शरीरात इतका नायट्रोजन मुरतो की वर येताना ठरावीक खोलीवर, ठरावीक मिनिटं थांबावंच लागतं. डोक्यावर पाणीच असतं, तरी ते छतासारखं वागतं. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात तर खरोखरचं छत असतं. म्हणजे प्रत्येक अडचण आहे त्या खोलीवरच सोडवायची. त्यासाठी दोन-दोन सिलिंडर, वेगवेगळे गॅस आणि पाठ झालेल्या सवयी लागतात. बाकी सगळं याच एका गोष्टीतून येतं.

२. तारकर्लीला स्कूबा केलंय, व्हिडिओपण आहे. थेट टेकचा कोर्स करता येईल का?

नाही. तारकर्लीला पर्यटकांना करवतात त्यात मागून एकाने तुमचं सिलिंडर धरलेलं असतं, तुम्ही फक्त मासे बघता. मजा येते, पण ते प्रशिक्षण नव्हे. आधी ओपन वॉटर, मग अ‍ॅडव्हान्स्ड, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) हे कोर्स, आणि मधे भरपूर डाइव्ह.

कागदावरची अट तशी सोपी आहे. टीडीआय या प्रशिक्षण संस्थेच्या डीकॉम्प्रेशन प्रोसिजर्सला, म्हणजे वर येताना थांबे घेण्याच्या कोर्सला, किमान २५ नोंदवलेले डाइव्ह लागतात. पॅडी या दुसऱ्या संस्थेच्या टेक ४० कोर्सला ३०, आणि त्यातले १० नायट्रॉक्सवर १८ मीटरच्या खाली. वय १८ पूर्ण. पण २५ डाइव्हचा माणूस पाण्यात अजून हात मारत असतो. माझं मत विचाराल तर शंभरच्या आसपास जा आणि मग फोन करा.

३. आधी प्रशिक्षक ठरवायचा की आधी जागा?

प्रशिक्षक. मी उलटं केलं होतं. स्वस्त विमान तिकीट कुठलं मिळतंय ते बघितलं, मग त्या बेटावर कोण शिकवतो ते शोधलं. सहा दिवसांचा कोर्स तीन दिवसांत बसवला गेला. व्हॉल्व्ह ड्रिल, म्हणजे पाठीमागच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह हात मागे नेऊन बंद-चालू करायचा सराव, आम्ही वाळूत गुडघे टेकून केला. चौथ्या डाइव्हला ६ मीटरवर थांबायचं होतं. मनगटावरच्या डाइव्ह काँप्युटरवर माझी खोली ४, ९, ५, ८ अशी नाचत होती आणि हातातली दोरीची रील सुटून पायाला गुंडाळली गेली. वर आल्यावर हस्तांदोलन झालं, कार्ड मिळालं.

वर्षभराने दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पुढच्या कोर्ससाठी गेलो. त्याने पहिल्या दिवशी ५ मीटर पाण्यात वीस मिनिटं नुसतं तरंगायला लावलं, व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी लॅपटॉपवर दाखवला. पाय खाली लोंबताहेत, हात हलताहेत, बैलगाडीच्या मागे बांधलेल्या कंदिलासारखा मी हेलकावे खातोय. "पुढचा कोर्स नको, मागचाच परत करू," म्हणाला. पैसे दुसऱ्यांदा गेले. जागा तशी साधारणच होती, पण जे काही येतं ते तिथेच आलं.

४. सोलापुरात बसून प्रशिक्षक चांगला की वाईट हे कसं ओळखायचं?

फोनवर अर्धा तास बोला. जो अर्धा तास देत नाही त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

पहिला प्रश्न: "मागच्या सहा महिन्यांत तुम्ही स्वतःसाठी, विद्यार्थी बरोबर नसताना, किती टेक डाइव्ह केलेत आणि किती खोल?" ४५ मीटरचं शिकवणारा माणूस स्वतः ६०-७० ला सहज जाणारा असावा. पुष्कळ जण वर्षभर पर्यटकांना १२ मीटरवर फिरवतात आणि वर्षाकाठी एखादा टेकचा विद्यार्थी घेतात. माणूस वाईट नसतो, पण हाताचं वळण गेलेलं असतं.

दुसरा: "एका वेळी किती विद्यार्थी?" दोन उत्तम, तीन चालतील. त्यापुढे नको.

तिसरा: "कोर्स पूर्ण न झालेले किती विद्यार्थी आहेत?" इथे माणूस कळतो. "आमच्याकडे सगळे पास होतात" हे क्लासच्या फ्लेक्सवर शोभतं, इथे नाही.

चौथा: "व्हॉल्व्ह ड्रिल तरंगत करवता की गुडघ्यावर?" आणि "पाण्यातला व्हिडिओ काढता का?" याचं कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

पाचवा जरा आतला. थांबे कसे ठरवता, ग्रेडियंट फॅक्टर (थांबे किती सावध ठेवायचे ते ठरवणारा आकडा) किती ठेवता आणि का, असं विचारा. आकडा तुम्हाला कळला नाही तरी चालेल, 'का'चं उत्तर ऐका. खूप खोलवर पहिला थांबा घ्यायची पद्धत एके काळी जोरात होती. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाच्या २०११ च्या अहवालात तशा थांब्यांच्या गटात डीकॉम्प्रेशनचा त्रास (मुरलेल्या गॅसचे शरीरात बुडबुडे होऊन होणारा) जास्त दिसला. ज्याला हे माहीतच नाही, त्याचं वाचन तिथेच थांबलंय.

नंतर त्याच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मागा. "छान होते का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुम्हाला काय जमत नव्हतं आणि त्यांनी काय केलं?" असं विचारा. त्याचं टेक प्रशिक्षक म्हणून नाव चालू आहे का, हे संस्थेच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत तपासता येतं. साधा प्रशिक्षक आणि टेक प्रशिक्षक हे दोन वेगळे दर्जे आहेत, आणि टेकमध्येही कोर्सगणिक वेगळी परवानगी असते.

५. टीडीआय, पॅडी, एसएसआय, जीयूई, रेड, आयएएनटीडी... यातली चांगली संस्था कोणती?

यावर डायव्हर लोक कट्ट्यावर बसून रात्र काढतात. पहिल्या कोर्सला फार फरक पडत नाही. एवढंच की जीयूईमध्ये टेकच्या आधी फंडामेंटल्स नावाचा कोर्स करावा लागतो, त्यात तरंगणं आणि टीमचं काम घासून घेतात, आणि कार्ड सहजी मिळत नाही. तो कोर्स करून इतर संस्थेचं टेक करणारेही आहेत. मला तो रस्ता आवडतो.

६. पूर्ण फी भरूनही सर्टिफिकेट दिलं नाही तर? ही फसवणूक नाही का?

फी शिकवण्याची असते, कार्डाची नाही. आरटीओत गाडी न चालवता लायसन्स मिळालं तर तोटा दुसऱ्याचाही होतो, इथे बहुतेक आपलाच. पण एक गोष्ट पैसे भरण्याआधी लेखी घ्या: जादा दिवस लागले तर त्याचे किती, आणि राहिलेले डाइव्ह पुढे किती महिन्यांत पुरे करता येतील. गॅसचे पैसे फीमध्ये आहेत का, तेही विचारा. ऑक्सिजन आणि विशेषतः हेलियमचं बिल वेगळं लावतात आणि मग तोंडं वाकडी होतात.

७. भारतातल्या भारतात कुठे होईल?

पर्याय आहेत, पण मोजके. अंदमानात स्वराज द्वीप, जुनं नाव हॅवलॉक, इथे पाणी स्वच्छ आणि डायव्हिंगचा राबता मोठा. सोलापूरहून चेन्नईला थेट रेल्वे, तिथून पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) विमान, पुढे बोट. जानेवारी ते एप्रिल उत्तम. पुदुच्चेरीला खोल पाणी आहे, टेकची चळवळही आहे, मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस टाळा.

मालवण-तारकर्ली, गोव्याचं ग्रांद बेट, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी ही आपल्याला जवळची. पायाभूत कोर्स आणि डाइव्हची संख्या वाढवायला झकास, पण टेकला लागणारी खोली आणि गॅस दोन्ही तिथे सहसा मिळत नाहीत. जूनपासून पावसाळाभर पश्चिम किनारा बंदच समजा.

कुठेही जा, तीन गोष्टी विचारा: ट्विनसेट (पाठीवरचे जोड सिलिंडर) आहेत का, शुद्ध ऑक्सिजन भरून मिळतो का, आणि बोट चालवणाऱ्याला डेको डाइव्ह (वर येताना थांबे घ्यावेच लागणारा डाइव्ह) म्हणजे काय ते माहीत आहे का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. पाण्याखाली थांबे घेत तुम्ही प्रवाहाबरोबर वाहत असता. वर सोडलेल्या नारिंगी फुग्यामागे बोट शांतपणे आली पाहिजे. पर्यटकांना जेवायची घाई झाली म्हणून ती निघून गेली तर वर येऊन बघाल काय?

८. परदेशात जायचं तर? मालदीवला हनिमूनला जातोच आहे, तिथेच उरकून घेऊ का?

उरकायची गोष्ट नाही ही, आणि बायकोला विचारलंय का? शिवाय मालदीवच्या नियमांनुसार मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला ३० मीटरची मर्यादा आहे आणि डेको डाइव्हला मनाई. तिथे मांटा मासे बघा.

इजिप्तमधलं दहाब मला पहिल्या टेक कोर्ससाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि काही मिनिटांत खोल पाणी. बोटीचा खर्च आणि कटकट नाही, त्यामुळे एखादा डाइव्ह बिघडला तर दुपारी परत करता येतो. तिथल्या ब्लू होलमधली कमान साधारण ५५ मीटरवर आहे. एका सिलिंडरवर, साध्या हवेवर ती पार करायला गेलेल्यांच्या आठवणीच्या पाट्या काठावरच्या दगडांवर लावलेल्या आहेत. कोर्सच्या पहिल्या दिवशी त्या वाचून या.

थायलंडचं को ताओ स्वस्त आणि प्रशिक्षकांनी भरलेलं, म्हणूनच प्रश्न ४ तिथे जास्त कामाला येतो. बालीत तुलांबेनला लिबर्टी जहाज किनाऱ्यालगतच आहे. श्रीलंकेत बॅटिकलोआजवळ ब्रिटिशांचं विमानवाहू जहाज हर्मिस पन्नास मीटरहून खोल पाण्यात आहे. जपानी विमानांनी ते ९ एप्रिल १९४२ ला बुडवलं. पण ते शिकून झाल्यावर जायचं ठिकाण आहे.

९. एवढं लांब कशाला? उजनीत किंवा शेतातल्या विहिरीत सराव नाही का होणार?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. पळसदेवचं देऊळ पाण्यातून वर आलं, पेपरात फोटो आला, की आठ दिवसांत कोणीतरी विचारतंच: "दादा, ते देऊळ पाण्याखाली असताना बघता येईल का?" मोह मलाही होतो.

पण नको. उजनीच्या पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. मासेमारीची जाळी, बुडालेली झाडं, परवानगीचा प्रश्न वेगळाच. शिवाय जलाशय समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटरवर आहे. ३०० मीटरच्या वर हवेचा दाब कमी असल्याने थांब्यांचं गणित उंचीनुसार बदलावं लागतं. विहिरीत डबा बांधून पोहायला आपण सगळेच शिकलो, पण तिथे सिलिंडर घेऊन उतरू नका. कठड्यावरून वर ओढायला कोणी नसतं आणि तळाच्या गाळात काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

१०. मग सोलापुरात राहून तयारी काय करायची?

पुष्कळ. पोहण्याच्या तलावात रोज सकाळी लांब, संथ पोहा. वेग नको, दम हवा.

खांदे मोकळे करा. टेकमध्ये निम्मे विद्यार्थी व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून अडतात. मी शाळेच्या दप्तरात दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या, बुचं वर करून ठेवायचो, दप्तर पाठीवर घट्ट बांधायचो आणि पोटावर झोपून, मान वर ठेवून, मागे हात नेऊन बुचं फिरवायचो. उजवं बंद, उजवं चालू, डावं बंद, डावं चालू. घरच्यांना वाटलं हे योगाचं काहीतरी आहे. पंधरा दिवसांनी हात पोचायला लागला.

गच्चीवर उभं राहून दोरीचा स्पूल सोडणं-गुंडाळणं करा, हातमोजे घालून, मग डोळे मिटून. बेडच्या कडेला पोटावर झोपून, गुडघे वाकवून बेडूक-लाथ मारायचा सराव करा.

आणि गणित. ४५ मीटरवर दाब साडेपाच पट. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर तिथे ११० लिटर. २०० बारने भरलेल्या १२ लिटरच्या एका सिलिंडरात साधारण २४०० लिटर हवा असते, म्हणजे बावीस मिनिटांत ते रिकामं. वर यायचं, थांबे घ्यायचे, आणि जोडीदाराचा गॅस संपला तर त्यालाही द्यायचा, हे सगळं अजून बाकी. दोन सिलिंडर का लागतात ते इथे कळतं. हे गणित चहा पिता पिता तोंडी करता यायला हवं.

११. साहित्य आधी विकत घेऊ का?

मास्क, फिन, काँप्युटर, वेटसूट घ्या. बाकी थांबा. प्रशिक्षक ट्विनसेट शिकवतो की साइडमाउंट (सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना), यावर विंगपासून (पाठीवरची हवेची पिशवी) रेग्युलेटरच्या, म्हणजे श्वास घ्यायच्या यंत्राच्या, नळीच्या लांबीपर्यंत सगळं अवलंबून असतं. सिलिंडर तिथेच भाड्याने. एकाने आधी सगळं मागवलं आणि मग प्रशिक्षकाने निम्मं बाजूला ठेवायला सांगितलं. ते अजून त्याच्या माळ्यावर आहे, कोणाला हवं असेल तर कळवतो.

१२. इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

पाण्यात अडणार नाही, तिथे सगळे हातवारे. वर्गात आणि डाइव्हच्या आधीच्या सूचनांमध्ये मात्र अडतं. एकदा कळलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते आणि मग माणूस मान डोलावतो. हे मान डोलावणं धोक्याचं. हिंदी येणारा प्रशिक्षक मिळाला तर उत्तम. नाहीतर पुस्तकी भाग ऑनलाइन आधी करा, शब्द वहीत मराठीत लिहून काढा. मोजमाप मीटर-बारमध्ये शिकवतो ना, हेही विचारा. फूट-पीएसआयवाला असेल तर खोलवर डोकं जड झालेलं असताना गुणाकार करत बसाल.

१३. बीपीची गोळी चालू आहे, वय ४६. चालेल का?

हे मी सांगू शकत नाही, आणि प्रशिक्षकही नाही. कोर्सआधी आरोग्याचा फॉर्म भरतात. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. "सगळीकडे नाही लिहा, कटकट नको," असं म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर तिथूनच परत फिरा. शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जा. हृदयाच्या पडद्यातलं जन्मजात छिद्र, पीएफओ, चारांतल्या एकाला असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही. टेकमध्ये त्याचं महत्त्व वाढतं, म्हणून डॉक्टरकडे त्याचा विषय आपणहून काढा.

१४. अपघात झालाच तर चेंबर कुठे असतो?

जागा ठरवतानाच विचारायचा प्रश्न आहे हा. चेंबर म्हणजे डीकॉम्प्रेशनचा त्रास झालेल्याला जास्त दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात सोय आहे. आता बऱ्याच खासगी दवाखान्यांत "हायपरबॅरिक" पाटी दिसते, पण जखमा भरण्यासाठीचा चेंबर आणि डायव्हरला उपचार देणारा चेंबर एकच असेल असं नाही. प्रशिक्षकाला विचारा: जवळचा चालू चेंबर कोणता, तिथे पोचायला किती तास, बोटीवर ऑक्सिजन किती वेळ पुरेल. उत्तर पाठ असलं पाहिजे. विमा वेगळा काढा. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये हे धरलेलं आहे असं समजू नका, आणि डायव्हिंगच्या विम्यातही खोलीची मर्यादा वाचून घ्या.

१५. कोर्सच्या मध्येच प्रशिक्षक म्हणाला, "तुझं चांगलं जमतंय, आज थोडं अजून खाली जाऊ," तर?

नाही म्हणा. तुमच्या गॅसला खोलीची मर्यादा आहे. ५० टक्के ऑक्सिजनचा गॅस २१ मीटरपर्यंत, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपर्यंत. त्याखाली तो श्वासात घेतला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका म्हणजे तोंडातून रेग्युलेटर सुटणं. म्हणूनच गॅस बदलताना प्रत्येक वेळी सिलिंडरवरचा आकडा जोडीदाराला दाखवून, नळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत खात्री करतात. जो प्रशिक्षक यात एकदाही सूट देत नाही तो चांगला. पाण्यात असताना कोणालाही, कधीही, कारण न देता अंगठा वर करून डाइव्ह संपवायचा हक्क असतो. पहिल्या दिवशी मुद्दाम एकदा करून बघा. वर आल्यावर त्याने तोंड वाकडं केलं तर राहिलेले दिवस कसे जाणार ते कळलं.

१६. शेवटचा डाइव्ह सकाळी संपला की दुपारी गाडी काढून सोलापूर गाठता येईल का? विमान तर नाहीये.

हा प्रश्न किनाऱ्यावरच्यांना पडत नाही, आपल्याला पडतो. विमानाचा नियम बहुतेकांना माहीत असतो: डेको डाइव्हनंतर १८ तासांपेक्षा बरंच जास्त थांबा. मी पूर्ण २४ तास धरतो, सलग डाइव्ह असतील तर त्याहून जास्त. पण शरीराला विमान आणि घाट यातला फरक कळत नाही. साधारण ६१० मीटर, म्हणजे २००० फुटांच्या वर गेलात की उड्डाणासारखंच धरायचं. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, बेळगाव ७५० च्या आसपास. सोलापूर स्वतः साडेचारशेच्या घरात, म्हणजे घर सुरक्षित, अडचण रस्त्यातली. गोव्याहून चोर्ला घाटाने निघालात तर घरी पोचण्याआधीच खांदा दुखायला लागू शकतो आणि तुम्ही ड्रायव्हिंगला दोष द्याल.

चेन्नईहून रेल्वेने येणाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरच्या विमानाचे तास मोजावेत. गाडीने येणाऱ्यांनी हॉटेलवाल्याला आधीच एक रात्र जास्तीची सांगून ठेवावी, शनिवारी खोल्या मिळत नाहीत.